मुखत्यारपत्र नेमकं गरजेच्या वेळीच का संपतं?

घरात कोणाला डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झाला की पैशाच्या बाबतीत पहिला सल्ला ठरलेला असतो: "कुलमुखत्यारपत्र करून घ्या, मग काही अडत नाही." सल्ला देणारा कधी शेजारी असतो, कधी पुण्याला नोकरी करणारा भाचा, कधी कोर्टाबाहेर टेबल मांडून बसलेला मुद्रांक विक्रेता. मुखत्यारपत्र म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करायचा दुसऱ्याला दिलेला लेखी अधिकार. सल्ला अर्धाच बरोबर आहे. आपल्या कायद्यानुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेली की त्याने दिलेला अधिकारही संपतो. ज्या दिवसासाठी कागद करून ठेवला, त्याच दिवशी तो निकामी होतो.

लोकांना हे पटत नाही. मी बँकेत नोकरीला होतो तेव्हा काउंटरपलीकडून हमखास ऐकू यायचं, "साहेब, सही तर अप्पांचीच हाय की ओ, रजिस्टर बी केलंय, मग अडतंय कुठं?" अडतं कुठे, ते पहिल्यापासून सांगतो.

समजायला सोपं जावं म्हणून एक काल्पनिक घर घेऊ. अप्पा जिल्हा परिषदेतून निवृत्त, वय ७६. जुळे सोलापुरात घर, मोहोळकडे साडेतीन एकर, पेन्शन सरकारी बँकेत. ठेवी तीन ठिकाणी, त्यातली एक व्याज जास्त म्हणून पतसंस्थेत. पत्नी, म्हणजे काकू, आहेत. थोरला मुलगा हिंजवडीला, धाकटा गावातच टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो, मुलगी लातूरला दिलेली. गेली दोन वर्षं अप्पा तेच वीजबिल दोनदा भरतात, पासबुक दिवसातून चार वेळा शोधतात, आणि फोनवरच्या अनोळखी माणसाला "हो हो" म्हणत बसतात. घरचे म्हणतात, वय झालं, विसरणारच. पण आयुष्यभर पैपैचा हिशेब ठेवलेल्या माणसाचा हिशेब चुकू लागला, तर ते नुसतं वय नसतं. पैशाचे व्यवहार मेंदूच्या बऱ्याच कामांवर एकाच वेळी उभे असतात, म्हणून आजाराची पहिली खूण अनेकदा बँकेच्या पासबुकात दिसते. ती दिसली की आधी डॉक्टर, आणि लगेच मागोमाग कागदपत्रं. या क्रमात काही महिने दवडले तर पुढे फार महागात पडतं.

समज आहे की नाही, हे कोण ठरवतं?

भारतीय करार कायदा १८७२ सालचा. त्याचं १२ वं कलम सांगतं की करार करताना माणसाला तो कळला पाहिजे, आणि त्यात आपलं हित-अहित काय याचा विचार करून ठरवता आलं पाहिजे. एवढं जमत असेल तर तो कायद्याच्या दृष्टीने शहाणा. एरवी भान नसलेला माणूस अधूनमधून भानावर येत असेल, तर भानावर असताना त्याने केलेला करारही चालतो, हेही त्याच कलमात आहे.

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ आणखी एक गोष्ट स्पष्ट करतो. निदान झालं एवढ्यावरून कोणी 'असमर्थ' ठरत नाही. सक्षम न्यायालयाने तसं ठरवावं लागतं. याचे परिणाम दोन्हीकडे होतात. न्यूरॉलॉजिस्टने 'अल्झायमर, सुरुवातीची अवस्था' असं लिहिलं म्हणून अप्पांचा सहीचा हक्क जात नाही. आणि तीच चिठ्ठी दाखवून मुलांना त्यांचं खातं ताब्यातही घेता येत नाही.

समज ही एका झटक्यात जाणारी गोष्ट नाही, आणि सगळ्या कामांसाठी एकदम जाते असंही नाही. भाजीचे पैसे देणं, काकूंना खात्यावर जोडणं आणि शेताचा सौदा करणं या तिन्हींना लागणारी समज वेगवेगळी. म्हणून डॉक्टरांकडून दाखला घेताना 'प्रकृती ठीक आहे' असा मोघम कागद घेऊ नका. कोणत्या कागदावर सही होणार आहे, त्यात काय लिहिलंय आणि त्याने काय होईल हे रुग्णाला स्वतःच्या शब्दांत सांगता आलं का, हे दाखल्यात यायला हवं. दाखला शक्यतो सहीच्याच दिवसाचा, मानसोपचारतज्ज्ञाचा किंवा न्यूरॉलॉजिस्टचा. स्मरणशक्तीच्या ३० गुणांच्या चाचणीत किती गुण पडले, एवढ्यावर कायदा विसंबून राहत नाही.

सहीची वेळ सकाळची ठेवा. डिमेन्शियात अनेकांचा गोंधळ संध्याकाळी वाढतो.

आणि भाषा! सोलापुरात हा मुद्दा हमखास सुटतो. पूर्व भागातल्या कितीतरी घरांत आजी-आजोबांची भाषा तेलुगू, लिंगायत घरांत कन्नड. व्यवहार मराठीत केला असला तरी या आजारात अनेकदा नंतर शिकलेली भाषा आधी मागे पडू लागते आणि माणूस लहानपणच्या भाषेत अधिक मोकळा होतो. कागद मराठीत असेल तर तो त्यांच्या भाषेत वाचून दाखवा, आणि कोणी वाचून दाखवला हे कागदातच लिहा. पुढे कोणी "अव्वांना काही कळलंच नव्हतं" म्हणून न्यायालयात गेलं, तर ही एक ओळ फार कामाला येते.

मुखत्यारपत्र: किती काळ, कशासाठी

करार कायद्याचं कलम २०१ सांगतं की अधिकार देणारा किंवा घेणारा मेला अथवा त्याचं मन शाबूत राहिलं नाही, की मुखत्यारी संपते. नोंदणी केलीय, नोटरी केलीय, वकिलाने छान इंग्रजीत लिहिलंय, याने काही फरक पडत नाही. "मी असमर्थ झालो तरी हे चालू राहील" असं वाक्य घातलं म्हणूनही ते चालू राहील असं धरून चालता येत नाही. मुखत्याराला आणि समोरच्या पक्षाला ही गोष्ट कळेपर्यंत झालेल्या व्यवहारांना कायदा संरक्षण देतो. पण वडिलांना रोज आंघोळ घालणाऱ्या मुलाला ते कळलं नव्हतं, असं कोण मानेल?

इंग्लंडमध्ये समज गेल्यानंतरही चालणारं मुखत्यारपत्र कायद्यात आहे, अमेरिकेतही तशी सोय आहे. त्यामुळे परदेशातला मुलगा तिकडचा नमुना पाठवतो, "बाबांची सही घेऊन ठेव." तो नमुना सोलापूरच्या बँकेत काही कामाचा नाही.

मग मुखत्यारपत्र करायचंच नाही का? करायचं. निदान आणि समज पूर्ण जाणं यांच्यात अनेकदा काही वर्षं असतात. त्या काळात अप्पांना बँकेत रांगेत उभं राहवत नाही, अर्ज भरता येत नाहीत, पण काय चाललंय ते कळतं. त्यासाठीच हा कागद आहे. त्यात कामं नेमकी लिहा: कोणतं खातं, कोणत्या ठेवी, पेन्शन, आयकर, वीजबिल, महापालिकेचा कर, शेतीचा पीकविमा. घर-जमीन विकण्याचा अधिकार मला विचाराल तर घालूच नका. पैशाची खरीच गरज पडली तर तेवढ्यापुरता वेगळा कागद अप्पांना समजावून करता येतो. आणि दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणी करून घ्या. पन्नास प्रश्न वाचतात.

या काळात मुखत्यारपत्रापेक्षा मोलाची कामं दुसरीच आहेत. खातं काकूंसोबत किंवा एका मुलासोबत 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला' या पद्धतीचं करून घ्या. ठेवी करताना मात्र एक बारीक गोष्ट बघा. या पद्धतीच्या ठेवीची रक्कम मुदत संपल्यावर एकाच्या सहीने मिळते. मुदतीआधी मोडायची तर बँक दोघांच्याही सह्या मागू शकते. ऐन दवाखान्याच्या वेळी नेमकं हेच आड येतं. म्हणून मुदतीआधीही एकाच्या सहीने मोडता येईल, अशी लेखी सूचना दोघांच्या सहीने आताच देऊन ठेवा. मोठ्या एका ठेवीऐवजी लहान लहान आणि वेगवेगळ्या महिन्यांत पिकणाऱ्या ठेवी बऱ्या.

पतसंस्थेतली ठेव बँकेत हलवायचा विचारही याच काळात करा. बँक ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे, प्रत्येक बँकेत ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थांना तो लागू नाही. पतसंस्था अडचणीत आली तर फेऱ्या मारायला माणूस खंबीर लागतो. अप्पा आता तसे राहिलेले नाहीत.

नामनिर्देशन करा, पण त्याचा अर्थ नीट समजून. नॉमिनीला खातेदार हयात असताना कसलाही अधिकार नसतो. मी नॉमिनी आहे म्हणून पैसे काढायला येणारे शाखेत दर आठवड्याला भेटायचे. वारस असण्याचंही तसंच. जिवंत माणसाला कायद्याने वारस नसतो, त्यामुळे "मी एकुलता एक मुलगा" हे वाक्य बँकेत चालत नाही. पत्नीलाही, पतीची समज गेली म्हणून, आपोआप त्याच्या मालमत्तेचा अधिकार मिळत नाही. काकूंना हे सांगताना जीभ अडखळते, पण खरं तेच आहे.

मृत्युपत्र करायचं असेल तर तेही आताच, दोन साक्षीदारांसमोर. साक्षीदार असे घ्या की ज्यांना त्यातून काही मिळणार नाही. एक साक्षीदार डॉक्टर असेल तर उत्तम. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही, पण अशा घरात ती करावी.

बक्षीसपत्राच्या घाईबद्दल मात्र कडक बोलतो. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडं यांना बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे, इतर अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा. इतकं स्वस्त असल्यामुळे आजार कळताच घर कोणातरी एका मुलाच्या नावावर करायची टूम निघते. पुढे तो सांभाळेलच याची खात्री काय? द्यायचंच असेल तर मरेपर्यंत राहण्याचा हक्क आणि सांभाळण्याची अट कागदातच लिहा. तशी अट असली आणि मुलाने ती मोडली, तर ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याच्या २३ व्या कलमाखाली प्रांत अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडून ते हस्तांतरण रद्द करून घेता येतं. रुग्णाला स्वतः जाता येत नसेल तर संस्थाही त्याच्या वतीने अर्ज करू शकते.

हात चालत नाही आणि डोकं चालत नाही, यात बँक फरक करते

रिझर्व्ह बँकेने आजारी, वृद्ध खातेदारांसाठी सोय ठेवली आहे. सही करता येत नसेल तर हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. बँकेच्या ओळखीच्या दोन साक्षीदारांनी तो ओळखायचा, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. ठसाही उमटवता येत नसेल तर निव्वळ खूणही चालते. शाखेत येणं अशक्य असेल तर सत्तरीपुढच्या ग्राहकांसाठी घरपोच बँकिंग आहे. पेन्शनरांना नोव्हेंबरचा हयातीचा दाखला घरी बसून मोबाइलवर चेहरा दाखवून देता येतो. म्हाताऱ्यांच्या बोटांच्या रेषा मशीनला लागत नाहीत, त्यांच्यासाठी ही मोठीच सोय झाली आहे.

पण ही सगळी व्यवस्था हात थकलेल्या माणसासाठी आहे. पक्षाघाताने हात गेलेला माणूस मान हलवून "दहा हजार काढा" सांगतो, तेव्हा इच्छा त्याचीच असते. अप्पांचा अंगठा धरून मुलगा ठसा उमटवतो तेव्हा कोणाची असते? शाखेतला अधिकारी या जागी अडला तर त्याच्यावर चिडू नका. उद्या दुसऱ्या भावाने तक्रार केली तर उत्तर त्यालाच द्यायचं आहे.

प्रत्यक्षात घरोघर काय चालतं, हे मलाही माहीत आहे. एटीएमचं कार्ड आणि पिन धाकट्याकडे, फोनही त्याच्याकडे, ओटीपी तोच टाकतो. औषधं आणि डायपर आणायला त्याने पैसे काढले तर कोणी त्याला चोर म्हणणार नाही. पण हा अधिकार नव्हे, ती केवळ कोणी हरकत न घेतल्यामुळे चाललेली सोय आहे. घरात भांडण झालं, कार्डाची मुदत संपली, केवायसी नव्याने मागितली किंवा सिम बंद पडलं, की त्या दिवशी सगळं थांबतं.

सोय चालू आहे तोवर नुकसान कमी करणं तरी आपल्या हातात आहे. अप्पांच्या फोनवरचं यूपीआय बंद करा किंवा पेन्शनच्या खात्यातून काढून थोड्या रकमेच्या वेगळ्या खात्याला जोडा. खिशात दोन-चारशे रुपये राहू द्या; पैसे पूर्ण काढून घेतले तर माणूस बिथरतो, आणि त्याचा मानही जातो. फोनवर पोलीस असल्याची बतावणी करून पैसे उकळणाऱ्या 'डिजिटल अरेस्ट'वाल्यांना अशी घाबरणारी माणसंच हवी असतात. पैसे गेले तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा.

समज गेल्यावर: न्यायालयाचा रस्ता

आता अवघड भाग. अप्पा कोणालाच ओळखत नाहीत, ठेव एकट्याच्या नावावर आहे, दवाखान्याचं बिल समोर आहे. मुखत्यारपत्र संपलेलं. आता कोणाकडे जायचं?

आधी, कुठे जाऊन उपयोग नाही ते सांगतो, कारण लोकांचा वेळ तिथेच जातो. १८९० चा पालक व पाल्य कायदा अल्पवयीन मुलांसाठी आहे. १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे. त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांची समिती पालक नेमते, पण नुसता डिमेन्शिया त्यात बसत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात 'नामनिर्देशित प्रतिनिधी' आहे, मात्र तो उपचाराच्या निर्णयांपुरता. त्याला बँकेत हात घालता येत नाही. याआधीच्या १९८७ च्या कायद्यात रुग्णाच्या मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमायची तरतूद होती. नवा कायदा आला तेव्हा ती गेली आणि तिच्या जागी काही आलं नाही. कायद्यातली ही मोठी पोकळी आहे, आणि म्हातारी माणसं वाढत असलेल्या देशात ती संसदेने भरायला हवी. तसं होईपर्यंत दोन वाटा आहेत.

पहिली जिल्हा न्यायालयाची. अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६, कलम १४. त्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मरणशक्तीचा आणि स्थळकाळाच्या भानाचा गंभीर बिघाडही येतो. या कलमाखाली 'मर्यादित पालक' नेमता येतो: ठराविक निर्णयासाठी, ठराविक काळासाठी, आणि त्या माणसाशी सल्लामसलत करत, त्याच्या इच्छेला धरून. अप्पा अजून थोडं बोलतात, आवडनिवड सांगतात, अशा अवस्थेत हा मार्ग रास्त. तो आपल्या गावातच आहे, हा फायदा वेगळाच.

दुसरी वाट उच्च न्यायालयाची. संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका. ज्याला कोणी नाही त्याचं पालकत्व शेवटी राज्याकडे येतं, या जुन्या तत्त्वावर न्यायालय नातेवाइकाला पालक नेमतं. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये बेशुद्धावस्थेतल्या रुग्णांसाठी याची कार्यपद्धती घालून दिली, आणि मुंबई उच्च न्यायालयानेही त्यानंतर अशा प्रकरणांत पालक नेमले आहेत. समज पूर्ण गेलेली असेल, मालमत्ता मोठी किंवा विखुरलेली असेल, तर बहुतेक वकील हाच मार्ग सुचवतील.

पूर्वी यासाठी रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरून मुंबई गाठावी लागायची. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं, आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, रत्नागिरी, सिंधुदुर्ग यांच्यासोबत सोलापूर जिल्हाही त्याच्याकडे आहे. सोलापूरकरांचं काम यामुळे सोपं झालं असं नाही, पण मुंबईतला मुक्काम आणि तिथल्या वकिलांची फी यातून बऱ्याच जणांची सुटका झाली.

याचिकेत काय लागतं? आजाराची सगळी कागदपत्रं. अप्पांच्या मालमत्तेची आणि कर्जाची पूर्ण यादी: खाती, ठेवी, सातबारा, घराचा उतारा, विमा, सोनं. काही लपवलं आणि नंतर बाहेर आलं तर अर्जदाराचीच पत जाते. सगळ्या जवळच्या नात्यांची नावं, आणि शक्य असेल तर त्यांची हरकत नसल्याची प्रतिज्ञापत्रं. लातूरच्या मुलीची सही "ती काय सासरी गेली" म्हणून टाळू नका. मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, आणि न विचारलेली बहीणच पुढे न्यायालयात हरकत घेते. न्यायालय सरकारी डॉक्टरांच्या मंडळाकडून तपासणी करून घेऊ शकतं, महसूल अधिकाऱ्याकडून घरच्या परिस्थितीचा अहवाल मागवू शकतं. त्यामुळे सिव्हिल हॉस्पिटलमध्ये केस पेपर आणि तपासण्या आधीपासून असल्या तर सोयीचं पडतं.

आदेश मिळाला म्हणजे मालकी मिळाली असं नाही. पैसा अप्पांचाच, खर्चही अप्पांसाठीच. ठराविक मुदतीने हिशेब न्यायालयाला द्यावा लागतो. घर किंवा जमीन विकायची तर वेगळी परवानगी. आदेश लिहून घेताना वकिलाला एक सांगून ठेवा: खाते क्रमांक, शाखा, ठेव पावत्यांचे क्रमांक आदेशातच येऊ द्या. 'सर्व मालमत्ता' असा शब्द असला की प्रत्येक शाखा आपल्या विधी विभागाकडे मत मागते आणि महिना जातो.

हे सगळं खर्चिक आहे, आणि प्रत्येक घराने करावं असं माझं अजिबात म्हणणं नाही. विडी वळण्यात आयुष्य गेलेल्या आजीला भविष्यनिर्वाह निधीची महिना हजार रुपयांच्या आसपास पेन्शन येते. तेवढ्यासाठी उच्च न्यायालय गाठणं म्हणजे हसं आहे. तिथे जोडखातं, वेळेवर हयातीचा दाखला आणि एक विश्वासू माणूस एवढं पुरतं. तिच्या नावावर घर असेल आणि त्यावरून ओढाताण सुरू झाली, तर मात्र जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट नाही, वकील मोफत मिळतो. अपंग आणि मानसिक आजार असलेल्या व्यक्तींनाही हा हक्क आहे.

हिशेबाची वही

अधिकार कोणताही असो, जोडखात्याचा, मुखत्यारीचा की न्यायालयाचा, पहिल्या दिवसापासून वही घाला. कुटुंबं आजारपणाने जितकी फुटत नाहीत तितकी "आईचे पैसे गेले कुठे" या एका प्रश्नाने फुटतात. आणि हा प्रश्न बहुतेक वेळा सांभाळणाऱ्यालाच ऐकावा लागतो. जो दिवाळीला दोन दिवस येतो तो विचारतो.

अप्पांचे पैसे आणि आपले पैसे एका खात्यात मिसळू नका. रोखीपेक्षा खात्यातून खर्च करा, म्हणजे नोंद आपोआप होते. औषधाचं बिल, बाईचा पगार, रिक्षा, सगळं लिहा. महिनाअखेरीस त्या पानाचा फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. कोणी बघो न बघो, टाकला याला महत्त्व आहे. धाकट्याची बायको दिवसरात्र करत असेल आणि तिला काही मोबदला द्यायचा सगळ्यांनी मिळून ठरवला असेल, तर तोही उघडपणे लिहा. यात लाज वाटायचं काही नाही. बाहेरची बाई ठेवली असती तर तिला पगार दिलाच असता.

आयकराचं विवरणपत्र अप्पांच्या नावाने भरत राहावं लागतं. करदात्याची समज गेली असेल तर त्याचा पालक किंवा त्याच्या वतीने काम करण्यास सक्षम व्यक्ती ते भरू शकते. आयकर पोर्टलवर प्रतिनिधी म्हणून नोंदणी करायची. जुन्या करपद्धतीत डिमेन्शियाच्या उपचारखर्चावर ज्येष्ठांसाठी १ लाखापर्यंत वजावट आहे, मात्र अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक असल्याचा आणि तज्ज्ञ डॉक्टरचा दाखला लागतो. ही सवलत फारसं कोणी घेत नाही, कारण सांगणारा कोणी भेटत नाही.

माणूस गेल्यावर हे सगळे अधिकार त्याच क्षणी संपतात. मुखत्यारी संपते, न्यायालयाने दिलेलं पालकत्वही संपतं. अंत्यविधीच्या खर्चासाठी म्हणून त्यांच्या एकट्याच्या खात्यातून दुसऱ्या दिवशी एटीएमने पैसे काढू नका. कार्ड हातात असलं तरी तो हक्क आता तुमचा नाही. बँकेला आणि पेन्शन देणाऱ्या कार्यालयाला लगेच कळवा, कारण मृत्यूनंतर जमा झालेली पेन्शन परत घेतली जाते, आणि ती खर्च झालेली असली तर वसुली मागे लागते. काकूंच्या कुटुंबनिवृत्तीवेतनाचा अर्जही त्याच फेरीत देऊन या. न्यायालयाचा आदेश असेल तर शेवटचा हिशेब तिथे दाखल करायचा, आणि मग नॉमिनी, मृत्युपत्र, वारसनोंद या क्रमाने तलाठी कार्यालयापासून पुढचं काम सुरू करायचं.